टोपलीतला शंभरावा दिवस

ग्वांगजू, १४ मार्च

यि-रांग,

पाकिटावर माझं नाव दिसलं असतं तर तू ते न फोडताच शेगडीत घातलं असतंस, म्हणून नाव घातलंच नाही. आता फोडलंच आहेस तर वाच. मावशीचा पत्ता माझ्याकडे कसा, असं विचारू नकोस. केंद्रातून शेवटचं निघताना तूच दिला होतास, "बाई, अगदीच मरायला टेकलात तर कळवा" असं म्हणून. मी काही मरायला टेकलेली नाही. गुडघे तेवढे कुरकुरतात.

बेटावर तू मावशीच्या शिंपल्यांना शेवाळ खाऊ घालतेस असं ऐकलं. जिला दुपारी बारापर्यंत अंथरूण सोडवत नव्हतं ती मुलगी पहाटे मचव्यावर जाते म्हणे. ऐकून फार बरं वाटलं. ज्यांनी तुझे हात पाहिलेत त्यांच्यापैकी कोणीही तुला पुन्हा भेटायला नको, असं तू म्हणाली होतीस. ते मी पाळलं आणि अजूनही पाळते. पत्राला काही डोळे नसतात.

इथे सगळं तसंच आहे. तेच समुपदेशन केंद्र, त्याच डगमगत्या खुर्च्या, केंद्रप्रमुखही तेच माएंग साहेब. खालच्या खानावळीतल्या आंबवलेल्या सोयाबीनच्या रश्श्याचा वास अजून जिन्यातून वर येतो. मुली येतात, बाह्या तळहातापर्यंत ओढून बसतात, बार्लीचा चहा पितात आणि "काही नाही हो बाई" म्हणतात. तूही तेच म्हणायचीस.

काम असं काही नाही, सहज लिहिलं.

हां, एक विचारायचं होतं. फोनवर तू उघडलेली ती गप्पांची खोली, टोपली, जिथे स्वतःच्या अंगावर राग काढणाऱ्या मुली भाज्यांची नावं घेऊन बसतात आणि तू कांदापात होतीस, तिची किल्ली अजून तुझ्याच नावावर आहे का गं? म्हणजे वर जो नियमांचा फलक असतो, तो तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला बदलता येतो का? सहज विचारते.

प्यो सन-यंग


ग्वांगजू, २ एप्रिल

यि-रांग,

उत्तर मिळालं. एवढं मोठं पाकीट आणि आत एक ओळ: "बाई, सहज कोणी किल्ली मागत नाही." जीभ अजून तशीच आहे म्हणायची.

बरं, सांगते. माझ्याकडे एक मुलगी येते. खरं नाव सांगणार नाही, पण टोपलीतलं नाव सांगायची तिने परवानगी दिली आहे. मुळा. वर्गातली पोरं तिच्या पोटऱ्यांना मुळे म्हणाली, तर हिने तेच नाव घेऊन टाकलं. "त्यांनी म्हणायच्या आत मीच म्हणते, बाई." अकरावीत आहे. तोंडाने फटकळ आणि मनाने कच्ची. मला ती फार आवडते. मी कोणाला लिहिते आहे हे मात्र तिला ठाऊक नाही. "एका जुन्या ओळखीला" एवढंच मी म्हटलं.

हिवाळ्यात ती सावरत होती. आपल्याला इजा न करता काढलेले दिवस आम्ही मिळून मोजत होतो आणि शंभर जवळ येत होते. मला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. तान्ह्या बाळाचे शंभर दिवस आपण करतोच ना, तांदळाच्या पांढऱ्या वड्या शंभर घरी वाटल्या की मूल आयुष्मान होतं म्हणतात. मी तिच्या आईला म्हटलं, "हिचे शंभर दिवस पुन्हा करा. नवा जन्मच आहे तिचा." आई रडली, नाक पुसलं आणि तडक बाजारात जाऊन वड्या सांगून आली. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

वड्या यायच्या आदल्या दिवशी मुळा पडली. टोपलीत तुम्ही ज्याला पडणं म्हणता, ते. वड्या घरी आल्याच होत्या, त्या आईने मुकाट्याने शेजारी वाटल्या. शेजाऱ्यांनी विचारलं तर काय सांगितलं देव जाणे. मुळाने त्यातली एक माझ्यासाठी आणली. आम्ही दोघींनी ती अर्धी अर्धी खाल्ली.

मी मग आमच्या पोथीतलं बोलत बसले, अपेक्षांचं ओझं वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, तुम्ही चांगल्या आहात हो. पण तुम्हाला काही कळत नाही." आणि फोन माझ्यासमोर धरला. टोपलीचा फलक होता. तुझा.

"शंभर दिवस झाले की सगळ्यांनी मिळून वाढदिवस करायचा. मग निरोप घ्यायचा. परत यायचं नाही."

"मला तिथून काढलं तर मी जाऊ कुठे?" ती म्हणाली. "घरी आई आहे, ती रडते. शाळेत पोरं आहेत, ती हसतात. टोपलीत हाक मारली की कोणीतरी ओ देतं. आणि बरं झालं की हाकलतात! मग कशाला व्हायचं बरं?"

याआधीही ती एकदा अशीच शंभराच्या उंबरठ्यावर पडली होती. ती एकटी नाही. प्रत्येकीच्या नावापुढे तिचा आकडा असतो ना, तो तिने मला दाखवला. नव्वदीला पोचलेल्या किती मुली पुन्हा एकावर आल्यात ते मी बोटाने मोजत गेले. आम्ही इथे दिवस मोजून मुलींना वर चढवतो आणि वर त्यांना बाहेरचं दार दिसतं.

ती आता पुन्हा मोजते आहे. जूनच्या सुरुवातीला शंभर भरतील. या वेळी पडली तर मी तिला उचलू शकेन की नाही, मला माहीत नाही. यि-रांग, तो फलक बदल. माझं एवढंच मागणं आहे.

प्यो सन-यंग


ग्वांगजू, ६ मे

यि-रांग,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यातलं तुझंच तुला लिहून दाखवते, म्हणजे मी वाचलं नाही असं म्हणायला नको.

"बाई, तो नियम मी चिडून केला नव्हता. गाजर म्हणून एक मुलगी होती. ती चांगली बरी झाली होती. पण बाकीच्यांना ओ द्यायला कोणी नाही म्हणून थांबली. सगळ्यांच्या हाका एकटीने घेत बसली आणि पुन्हा पडली, आधीपेक्षा वाईट. बऱ्या झालेल्यांनी तिथे रेंगाळू नये म्हणून तो नियम आहे. तुम्ही त्याला शिक्षा म्हणता. माझ्यासाठी ते दार होतं. त्याच दाराने मी बाहेर आले. मला परत बोलावू नका. मला माझी खात्री नाही."

पटलं. अगदी पटलं. पण फलक बदलायला किती वेळ लागतो? आत यायचं, चार शब्द खोडायचे, चार लिहायचे, निघायचं. घर सोडून गेलेला माणूस विसरलेली छत्री न्यायला येतोच ना?

दुसरी भानगड अशी, की माएंग साहेबांना टोपलीचा सुगावा लागला आहे. तक्रार करू म्हणतात, खोली बंद पडेल, वर्षाच्या अहवालात एक चांगलं वाक्य जाईल. मी म्हटलं, "साहेब, खोली बंद होईल, मुली बंद होणार नाहीत. मागे अशीच एक बंद केली तेव्हा त्या पांगल्या आणि जिथे गेल्या तिथे हाक ऐकणारंही कोणी नव्हतं."

"मग प्यो बाई, तुम्हीच सांगा काय करायचं."

"आत कोणीतरी जाणतं माणूस बसायला हवं."

साहेब असे दचकले, जसं काही मी दारू मागितली. समुपदेशकाने असल्या खोल्यांत पाय ठेवायचा नाही, असा केंद्राचा नियमच आहे. उद्या काही बरंवाईट झालं तर प्रकरण केंद्राच्या गळ्याशी येतं. नियम मला पाठ होता. खरं सांगू? त्यांनी तो पुन्हा सांगितल्यावर मला हायसंच वाटलं.

एकूण काय, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खोली राहिली तर मुळा शंभराला अडणार आणि गेली तर मुळा कुठे जाईल ते मला कळणारही नाही. अजून महिन्याची मुदत मी साहेबांकडून भांडून घेतली आहे.

तुझ्यावर माझी जबरदस्ती नाही. काल मुळा कॅलेंडर बघून विचारत होती, शंभरावा दिवस कुठल्या वारी येतो, एवढंच सांगते. असली वाक्यं मी मुद्दाम घालते आहे हे तुला कळतं. मलाही कळतं.

प्यो सन-यंग


ग्वांगजू, ९ जून

यि-रांग, यि-रांग!

परवा मुळा वेळ न ठरवता धडधडत जिना चढून आली, एक मोजा घोट्यावर, दप्तर उघडं. "बाई! कांदापात ताई आली! स्वतः आली!" माझ्या टेबलावर फोन आपटून तिने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. मी जणू पहिल्यांदाच तुझं नाव ऐकते आहे असा चेहरा केला. तो काही मला जमला नसावा.

कोणीतरी लिहिलं होतं, "तोतया आहे." दुसरी म्हणाली, "खरी असेल तर तिला बंदी आहे. ती बरी झालेली आहे." त्यावर तू, "नियम माझा, मोडणारीही मीच. बघू कोण काढतं!" मुळा ते वाक्य वाचताना खुर्चीवर चढायची बाकी होती. आणि मग नवा फलक: "शंभर दिवस झाले की वाढदिवस. पुढे राहायचं की जायचं, ते जिचं तिने ठरवायचं."

शंभर भरले, गं. आईने या वेळी धसक्याने काहीच केलं नाही, नेहमीचा रस्सा आणि भात. मुळानेच घर डोक्यावर घेतलं, "निदान तळलेली कोंबडी तरी मागवा! माणूस शंभर दिवसांचं झालंय!" तिघींनी दोन खोकी संपवली म्हणे, तिसरी आजी.

त्या दिवशी बसमध्ये मी गुणगुणत होते. शेजारच्या बाई सरकून बसल्या. माएंग साहेबांनीही तक्रारीचा कागद बाजूला ठेवला आहे. तुझे आभार कोणत्या शब्दांत मानू? काम झालं. आता तू निघालीस ना तिथून? दोन ओळी टाक, म्हणजे मी निर्धास्त होईन.

प्यो सन-यंग


ग्वांगजू, ५ जुलै

यि-रांग,

उत्तर नाही. शेवाळ काढायचा हंगाम असेल, हात रिकामे नसतील. मी समजू शकते.

मुळाची बातमी: ती टोपली सोडून चालली. कोणी हाकललं नाही, रडारड नाही. "कंटाळा येतो हो बाई तिथे. तेच तेच." शाळेच्या ढोलपथकात शिरली आहे. तळहाताला फोड आलेत, ते मला कौतुकाने दाखवते, आणि ते दाखवताना बाह्या वर सरकल्या तरी खाली ओढत नाही. मला भरून आलं. तिला कळू नये म्हणून मी खिडकी लावायला उठले.

टोपलीत मग आता कोण असतं, मी सहज विचारलं.

"कांदापात ताई असते की. केव्हाही हाक मारा, ओ देते. सकाळी, रात्री, केव्हाही. झोपते कधी कोण जाणे."

"पहाटे मचव्यावर जावं लागतं, जागीच असेल ती," मी म्हणाले.

बोलून गेले आणि मग कळलं. मुळा माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला काय माहीत, बाई?" मी चहा ओतायला लागले.

तू ठीक आहेस ना? ठीकच असशील. तू पहिल्यापासून खमकी. तरी दोन ओळी टाक. बरं, एकच टाक, तुझ्या पद्धतीची.

प्यो सन-यंग


ग्वांगजू, २४ जुलै

यि-रांग,

काल मुळा आली आणि खुर्चीवर बसेना. दाराशीच उभी राहिली.

"ताईने सांगितलंय कोणाला सांगायचं नाही. पण मी आता टोपलीतली नाही, मला तिचे नियम लागू नाहीत." आणि फोन पुढे केला.

कांदापात. नावापुढे १.

तू लपवलं नाहीस. दुसऱ्यांना खरं लिहायला सांगायचं आणि स्वतः खोटा आकडा लावायचा, हे तुझ्याच्याने झालं नसणार. त्याच्या खाली तू कोणा भोपळ्याला ओ दिली होतीस आणि पाण्यात हात बुडवून बस, माझ्याशी बोलत राहा, असं समजावत होतीस. आपल्या आकड्याबद्दल एक अक्षर नाही.

"मी जाते परत तिथे," मुळा म्हणाली. "थोड्या हाका मी घेते. ताईला जरा सुट्टी मिळेल."

मी इतक्या जोरात "नाही" ओरडले की बाहेर बसलेली माणसं उभी राहिली. मुळा रडायला लागली. "मग कोण जाणार, बाई? कोणीतरी हवंच ना तिथे!"

एकीला बाहेर काढण्यासाठी मी दुसरीला आत ढकललं. तू स्पष्ट लिहिलं होतंस की मला माझी खात्री नाही. गाजराचं लिहिलं होतंस. मी ते वाचलं, तुलाच परत लिहून दाखवलं आणि पुढच्या ओळीत तुला छत्रीचा दाखला दिला. तुझ्या दाराला मी शिक्षा म्हणत होते, कारण मला मुळाची घाई होती. माणसाला काय त्रास होऊ शकतो हे ओळखण्याचा मला पगार मिळतो, यि-रांग, आणि तुझ्या बाबतीत मी ते ओळखूनही पाकीट चिकटवलं. तिथे कोणीतरी जाणतं माणूस जायला हवं होतं. मी स्वतः सोडून सगळ्यांचा विचार केला.

म्हणून काल संध्याकाळी मी टोपलीत गेले. तू पाहिलंसच. तू गप्प होतीस, पण तुझ्या नावापुढचा हिरवा ठिपका मला दिसत होता. मी खरं नाव लिहिलं, वय लिहिलं, धंदा लिहिला, केंद्राचा फोन लिहिला. भाजीचं नाव मागितलं तेव्हा लसूण म्हटलं. "तरीच वास येतोय," एकीने लिहिलं. दुसरीने विचारलं, "आजी, तुमच्या मागे पोलीस आहेत का?" सात-आठ जणी उठून गेल्या. राहिलेल्यांनी मला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही, तुझ्या मावशीच्या हाती पत्र पडायचं. मी तशीच बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्या भोपळ्याने हाक मारली. तुलाच मारली होती. तू ओ द्यायच्या आत मी दिली.

सुरुवातीला तिने माझी टिंगल केली. मग बोलली. शेवटी म्हणाली, "उद्या आहात का?" मी हो म्हटलं. म्हणजे आता मला तिथून उठता येणार नाही. एका 'हो'ने माणूस कसा अडकतो ते मला या वयात कळलं. तुला ते कोवळ्या वयात कळलं होतं आणि तरी तू आपल्या पायांनी बाहेर आली होतीस.

सकाळी माएंग साहेबांना मीच जाऊन सांगितलं. ते उठले, पुन्हा बसले आणि म्हणाले, "प्यो बाई, हे तुम्ही मला सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं." चौकशी होईल. नोकरी राहील का, सांगता येत नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण नोकरी गेली तरी फोन माझाच आहे.

तुझ्याशी मी टोपलीत बोलणार नाही. तिथे तू कांदापात आहेस आणि सगळ्या ऐकतात. हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवते आहे आणि शनिवारी दुपारच्या बोटीने मी येते. मावशीला सांग, शाळेतल्या बाई येणार आहेत. मला हात दाखवायचे नसतील तर दाखवू नकोस, लांब बाह्यांचं काहीतरी घाल. पण बेटावरच्या दवाखान्यात मात्र आजच्या आज जा आणि ती जखम दाखव. लाज वाटेल, तरी जा. यातली लाज तुझी नाही, माझी आहे. आणि एक आधीच सांगून ठेवते, मागाहून फसवलं म्हणू नकोस. मावशीचा नंबर आपल्या जुन्या फायलीत आहे. शुक्रवार संध्याकाळपर्यंत मला तुझे दोन शब्द आले नाहीत, तर मी तिला फोन करून सगळं सांगणार. तू चिडलीस तरी चालेल. समोर उभी राहून चीड.

मला माफ कर, असं आज मागत नाही. ते तुला नंतर कधीतरी, पोटभर जेवल्यावर सुचलं तर बघू.

फोन मावशीकडे दे. टोपलीत कोणी हाक मारली तर मी आहे, तू ओ द्यायची नाही. तू झोप.

प्यो सन-यंग